सायक्लोन बसवला, तरी व्हॅक्युमचा फिल्टर पुन्हा पुन्हा का तुंबतो?

सायक्लोन म्हणजे भुगा व्हॅक्युमपर्यंत पोचण्याआधीच हवा गरगर फिरवून तो बादलीत पाडणारा शंकू. घरी बनवलेला सायक्लोन सुरू केला की पहिले काही दिवस फार समाधानाचे जातात. करवतीचा भुगा, ट्रिमरचा (कडा छाटणाऱ्या छोट्या यंत्राचा) कचरा, रंध्याची सालपटं असं सगळं गरगरत बादलीत पडतं आणि व्हॅक्युमची टाकी रिकामी राहते. आठवडाभराने ओढ जरा मंदावल्यासारखी वाटते. फिल्टर काढून बघावा तर त्याच्या घड्यांमध्ये मैद्यासारखी धूळ गच्च बसलेली असते. तो झटकायचा, ब्रशने साफ करायचा, परत बसवायचा, की चार दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्याकडे हे पाच महिने चाललं. तेवढ्यात मी नळी बदलली, शंकू नवा करून घेतला, दोनदा फिल्टर आणला. दोष यातल्या कशातच नव्हता, तो बादलीच्या झाकणात होता. त्यानंतर ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी हीच तक्रार सांगितली, त्यांच्यापैकी बहुतेकांचं दुखणं तिथेच निघालं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी माझी मांडणी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. साताऱ्यात घराच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे आणि तिची एक भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत), ट्रिमर, ऑर्बिटल सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र) एवढी यंत्रं. काम बहुतेक प्लाय आणि एमडीएफचं (लाकडाचे बारीक तंतू राळेने दाबून केलेल्या फळ्यांचं), अधूनमधून जुन्या सागवानी दारं-चौकटींचं. व्हॅक्युम 1400 वॅटचा, ओल्या-सुक्या कचऱ्याचा. डिस्टेंपरची 20 लिटरची बादली आणि तिच्या झाकणावर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा, 150 मिमी व्यासाचा सायक्लोन. पत्र्याचं काम बाजारपेठेतल्या पत्रेवाल्यांकडून करून घेतलं.

आईला दमा आहे. सायक्लोन बनवण्यामागे खरं कारण तेच होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर तिचे स्टीलचे डबे असतात आणि शेडमध्ये एमडीएफ कापलं की संध्याकाळी त्या डब्यांच्या झाकणांवर तपकिरी पापुद्रा दिसायचा. सायक्लोन लागल्यावर तो जायला हवा होता. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अरे, झाकणांवर परत तसंच आलंय बघ." तेव्हा कळलं की बादलीत कितीही भुगा पडत असला, तरी जी धूळ अडवायची होती तीच निसटते आहे.

आत नेमकं काय बिघडतं

सायक्लोनचं काम समजून घ्यायला गोफण डोळ्यासमोर आणा. गोफण फिरते तेव्हा दगड बाहेर सुटायला बघतो. इथे हवा नळकांड्याच्या भिंतीला लागून आडवी शिरते, त्यामुळे तिला गोल फिरण्यावाचून गत्यंतर नसतं. हवेपेक्षा भुगा जड, म्हणून तो भिंतीवर फेकला जातो आणि भिंतीवरून घरंगळत शंकूतून खाली बादलीत पडतो. हवा मात्र शंकूच्या तळाशी जाऊन उलटते आणि मधोमध बारीक भोवरा होऊन वरच्या नळीने व्हॅक्युमकडे जाते. म्हणजे एकाच वेळी दोन भोवरे चालू असतात. बाहेरचा खाली उतरतो आणि आतला वर चढतो. लाकडाच्या गिरण्यांमध्ये आणि पिठाच्या गिरण्यांमध्ये हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून वापरात आहे. जेम्स डायसन यांनी अशाच एका लाकूड-गिरणीवरचा सायक्लोन पाहून तो घरगुती व्हॅक्युममध्ये आणायचं ठरवलं आणि त्यासाठी त्यांनी 5,127 नमुने बनवले.

आता मुख्य गोष्ट. आतल्या भोवऱ्याच्या मध्यावर हवेचा दाब सगळ्यात कमी असतो आणि त्या भोवऱ्याचं टोक शंकूच्या तोंडातून बादलीतही डोकावतं. त्यामुळे बादलीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमीच राहतो. अशा बादलीला कुठे केसाएवढी चीर असेल तर बाहेरची हवा आत घुसते आणि तिला पुढे जायला एकच वाट असते, शंकूच्या खालच्या तोंडातून सरळ वर. भुगा जिथून खाली पडतो, बरोबर तिथूनच हा झोत उलटा वर येतो. सालपटं आणि करवतीचा जाड भुगा त्याला जुमानत नाहीत, ते पडतात. सँडरची धूळ आणि एमडीएफची भुकटी हलकी असते. ती तोंडापाशी येते, उलटते आणि आतल्या भोवऱ्यात मिसळून थेट फिल्टरवर जाते. बादली भरताना दिसते म्हणून आपल्याला वाटतं की सायक्लोन ठीक चाललाय.

हे माझ्या लक्षात आलं ते आमच्या आळीतल्या कांडप गिरणीमुळे. तिथे मिरची-हळद कांडायच्या यंत्रालाही सायक्लोनच आहे. तिखट वाऱ्याच्या जोराने वरच्या शंकूत जातं, खाली डब्यात पडतं आणि हवा कापडी पिशव्यांमधून गाळून बाहेर पडते. गिरणीवाल्या काकांना मी माझी अडचण सांगितली तर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "खालचं तोंड बांधलंयस का नीट?" त्यांच्या शंकूच्या तोंडाला कापडाची बाही आहे आणि ती डब्याच्या गळ्याशी दोरीने आवळलेली असते. बाही सैल राहिली तर दोन मिनिटांत सगळी आळी शिंकायला लागते, असं ते म्हणाले.

काकांच्या यंत्रात हवा ढकलली जाते, त्यामुळे गळती झाली की तिखट बाहेर येतं आणि लगेच कळतं. आपल्या व्हॅक्युममध्ये हवा ओढली जाते. गळती आतल्या आत होते, बाहेर धुळीचा कणसुद्धा पडत नाही, उलट बादलीच्या आजूबाजूची फरशी लख्ख राहते. म्हणूनच पाच महिने मला झाकणाचा संशय आला नाही.

यात दुष्टचक्रही आहे आणि तुंबणं पुन्हा पुन्हा होतं ते त्यामुळे. गळतीमुळे थोडी धूळ फिल्टरवर जाते. फिल्टर तुंबला की हवेचा प्रवाह घटतो. प्रवाह घटला की सायक्लोनमधला वेग घटतो. भुगा बाहेर फेकण्याची ताकद वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे वेग निम्मा झाला की ताकद चौथाईच उरते. मग आणखी धूळ निसटते आणि फिल्टर आणखी लवकर भरतो. नवा फिल्टर घातल्यावर चार दिवस बरं वाटतं, कारण तेवढ्यापुरता वेग परत येतो.

गळती शोधायची कशी

सगळ्यात सोपी तपासणी कानाने होते. सायक्लोन बाजूला काढा, व्हॅक्युम चालू करून त्याचं तोंड तळव्याने दोन-तीन सेकंद पूर्ण झाका. मोटरचा आवाज चढतो. तो लक्षात ठेवा. आता सायक्लोन जोडा आणि सायक्लोनचं हवा आत येण्याचं तोंड तसंच झाका. आवाज तेवढाच चढला तर जोड बंद आहेत. कमी चढला तर कुठून तरी हवा येते आहे. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ झाकू नका. काही व्हॅक्युमची मोटर ओढलेल्या हवेनेच थंड होते, शिवाय बादली चेपायची भीती असतेच.

गळती आहे हे कळलं, पण कुठे आहे? त्यासाठी अंधार झाल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून तो रिकाम्या बादलीत ठेवा, झाकण बसवा, शेडमधले दिवे घालवा. झाकणाच्या कडेला, बोल्टच्या भोकांपाशी, शंकूच्या सांध्यात जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करा. माझ्या झाकणाला साधारण चार बोटं लांब उजेडाची कोर दिसली.

पण टॉर्चने सगळं सापडत नाही. व्हॅक्युम बंद असताना झाकण सपाट असतं, चालू असताना ते मध्ये खचतं आणि कडेला उचललं जातं, त्यामुळे काही फटी चालू असतानाच उघडतात. त्यांच्यासाठी मी पंक्चरवाल्याची पद्धत वापरली. बहुतेक ओल्या-सुक्या व्हॅक्युमला मागे हवा फुंकणारं तोंड असतं. बादली आणि शंकू आधी पूर्ण पुसून घ्या. मग नळी त्या फुंकणाऱ्या तोंडाला लावून सायक्लोनमध्ये हवा भरा आणि सायक्लोनचं दुसरं तोंड हाताने अर्धं झाका. पूर्ण झाकू नका, झाकण उडू शकतं. भांडी घासायच्या लिक्विडचा फेस करून तो ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा. ट्यूब पाण्यात बुडवल्यावर जसे बुडबुडे येतात तसे चिरेपाशी बुडबुडे फुगतात. या पद्धतीने आपला सायक्लोन थोड्या वेळापुरता काकांच्या गिरणीसारखा होतो आणि गळती बाहेर दिसू लागते. मला झाकणाखेरीज आणखी दोन जागा सापडल्या. एक शंकूच्या पत्र्याचा उभा सांधा आणि दुसरी बादलीच्या कडीच्या खिट्टीपाशी गेलेला तडा.

उदबत्तीच्या धुराने गळती शोधायचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नका. बादलीत भुगा असताना पेटलेला निखारा आत ओढला गेला तर तो तासन् तास धुमसत राहू शकतो. धूर नसला तरी चालतं. व्हॅक्युम चालू ठेवून सांध्याजवळ टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरली तर ती आत खेचली जाताना दिसते.

झाकण दुरुस्त करताना

डिस्टेंपरच्या बादलीचं झाकण पहिल्यांदा उघडताना आपण त्याची कडेची पट्टी फाडतो. ती पट्टीच झाकण घट्ट पकडून ठेवत असते. ती गेली की झाकण नुसतं वर टेकलेलं राहतं. वर स्क्रूड्रायव्हरने उचकटताना कड कातरली जाते. त्यात सायक्लोनचं वजन आणि नळीचे हिसके. पेंट संपलेली बादली फुकट मिळते म्हणून आपण ती घेतो आणि तिचा सगळ्यात कमकुवत भाग नेमका सगळ्यात महत्त्वाच्या जागी वापरतो.

मी आधी सिलिकॉन लावून बघितलं, मग एम-सील, म्हणजे एपॉक्सी. दोन्ही दुसऱ्या आठवड्यात नखाने पापुद्र्यासारखं निघालं. या बादल्यांचं प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं आणि त्यावर सिलिकॉन, एपॉक्सी यांपैकी काही धरत नाही. म्हणून चिकटवण्याचा नाद सोडा आणि दाबून बसवण्याचा मार्ग धरा.

माझ्याकडे आता झाकणाच्या वर 12 मिमी प्लायची एक चकती आहे आणि झाकणाच्या आत दुसरी. मध्ये झाकण, आणि झाकणाच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर. सायक्लोनची खालची पट्टी, वरची चकती, झाकण, खालची चकती असे सगळे थर 6 मिमीच्या सहा बोल्टांनी आवळले, प्रत्येक बोल्टखाली मोठा वॉशर घातला. चकत्यांमुळे झाकण मध्ये खचायचं थांबलं. त्यामुळे कडही उचलली जाईनाशी झाली, निम्मं काम तिथेच झालं. कडेला आत खोबणीत दाराला लावतात ती रबरी पट्टी बसवली. तिचा जोड तिरका कापून घ्या, सरळ कापला तर तिथे हमखास फट राहते. शेवटी बादलीच्या गळ्याला लोखंडी पट्टीचं कडं घालून त्यावर पत्र्याच्या पेटीला असतात तसे चार खटके सारख्या अंतरावर लावले. तीन खटके पुरतील असं वाटलं होतं, पण दोन खटक्यांच्या मधली कड फुगून फट राहत होती.

पत्र्याच्या उभ्या सांध्याला पत्रेवाल्यांनी झाळकाम करून दिलं. तडा गेलेली बादली टाकून दिली.

फरक मोजायचा म्हणून मी सँडरची धूळ मैद्याच्या चाळणीतून गाळून 500 ग्रॅम घेतली होती. झाकण दुरुस्त करण्याआधी ती सगळी ओढली तेव्हा बादलीत 430 ग्रॅमच्या आसपास सापडली. दुरुस्तीनंतर तोच प्रयोग केला तर 490. फरक साठ ग्रॅमचा, पण ते साठ ग्रॅम म्हणजे सगळ्यात बारीक, फिल्टर तुंबवणारी धूळ. तुम्हीही आधी आणि नंतर असं वजन करा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो, आणि अंदाजाने बरं वाटण्यापेक्षा काट्यावरचा आकडा भरवशाचा.

गळती नाही, तरी धूळ जातेच

मग मापं बघा. 1951 मध्ये स्टेअरमंड या अभियंत्याने जास्त धूळ पकडणाऱ्या सायक्लोनची जी मापं दिली ती आजही आधार म्हणून वापरतात. सगळी मापं नळकांड्याच्या व्यासाच्या हिशेबात असतात. माझा व्यास 150 मिमी, त्यावरून आत येणारं तोंड 75 मिमी उंच आणि 30 मिमी रुंद, वरची बाहेर जाणारी नळी 75 मिमीची, सरळ नळकांडं 225 मिमी, शंकूसकट पूर्ण उंची 600 मिमी आणि खालचं तोंड साधारण 56 मिमी. आत येणाऱ्या तोंडाचं क्षेत्रफळ 22.5 चौरस सेमी भरतं आणि 50 मिमीच्या नळीचं सुमारे 19.6. दोन्ही जवळ असल्यामुळे हवा मध्येच दबत नाही की पसरत नाही. म्हणून 50 मिमीच्या नळीला 150 मिमीचा सायक्लोन चांगला जुळतो. मोठा सायक्लोन जास्त चांगला असं नाही. घरगुती व्हॅक्युमला 300 मिमीचा पिंप लावला तर हवा आत संथ फिरते आणि बारीक धूळ भिंतीपर्यंत पोचतच नाही.

मापांमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते वरच्या नळीचं. ही नळी नुसती वरच्या झाकणात बसवून चालत नाही, ती आत लोंबली पाहिजे आणि तिचं खालचं टोक आत येणाऱ्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत किंवा किंचित खाली यायला हवं. ती आखूड असेल तर नुकतीच आलेली धूळभरली हवा एक चक्करही न मारता थेट वर जाते. माझ्या पहिल्या शंकूत ती दोन सेमी आखूड होती. फार खाली नेली तरी शंकूतल्या भोवऱ्याला जागा उरत नाही.

दुसरी चूक प्रवेशाच्या नळीची. गोल पीव्हीसी नळी नळकांड्यात आरपार घुसवून तशीच ठेवली तर तिची आत आलेली कड फिरणाऱ्या हवेला आडवी येते. दर चकरेला धूळ तिच्यावर आपटून भिंतीपासून सुटते. नळी भिंतीच्या रेषेत कापून आतून कानस मारा. स्क्रूची टोकं, रिव्हेटच्या मुंड्या, सुकलेल्या डिंकाचे ओघळ, यांचंही तसंच. आत बोट फिरवून बघा. बोट जिथे अडखळेल तिथे धूळही अडखळते.

कधी कधी शंकूच्या तळाशी धुळीचं कडं नुसतं गरगरत राहतं, खाली उतरतच नाही. तेव्हा खालचं तोंड अडलेलं असतं. रंध्याची लांब सालपटं तिथे घरट्यासारखी गुंततात. ती हाताने काढावी लागतात. मी रंध्याचं काम असलं की सालपटं आधी खराट्याने गोळा करतो आणि मग उरलेल्यावर व्हॅक्युम फिरवतो.

बादली किती भरू द्यायची हेही महत्त्वाचं. भोवऱ्याचं टोक बादलीत उतरतं हे वर सांगितलंच. भुगा त्याच्या जवळ आला की तो परत उचलला जातो, आणि मग बादलीतला साठलेला भुगाही पाहता पाहता व्हॅक्युमच्या टाकीत जातो. वर निदान दहा सेमी जागा मोकळी राहू द्या. मी बादलीला उभी चीर पाडून तिथे पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी बसवली आहे, अर्थातच खाली रबर घालून आणि बोल्टांनी आवळून. व्हॅक्युमची टाकी एकाएकी भुग्याने भरली असेल, तर सगळ्यात आधी बादली भरली होती का ते बघा.

ज्यांना पत्र्याचा शंकू करून घेणं शक्य नाही त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या फिल थिएन यांची चकती आहे. बादलीच्या आत, झाकणाखाली आडवी चकती टांगायची आणि तिच्या कडेला 240 अंशांपर्यंत, सुमारे 28 मिमी रुंद फट ठेवायची. उंची कमी लागते, बनवायला सोपी आहे, करवतीच्या भुग्याला उत्तम चालते. बारीक धुळीसाठी मला शंकूच बरा वाटला. गळतीचा नियम तिथेही तोच.

बादली चेपते तेव्हा

नळीचं तोंड फळीला चिकटलं किंवा सालपटांनी बुजलं की व्हॅक्युमची पूर्ण ओढ बादलीवर येते. चांगला ओला-सुका व्हॅक्युम 20 किलोपास्कलच्या आसपास ओढ देतो. 28 सेमी व्यासाच्या झाकणावर तेव्हा सुमारे 125 किलोचा भार पडतो, म्हणजे दोन माणसं त्यावर उभी राहिल्यासारखा. तेलाचा 15 किलोचा चौकोनी डबा वापरायचा मोह होतो, पण त्याच्या सपाट बाजू एका क्षणात आत जातात. गोल आकार भार सहन करतो. एका बादलीत दुसरी बादली घालून जाडी दुप्पट केली तर माझ्याकडची तीन वर्षं टिकली आहे.

दाब सुटण्यासाठी झडप ठेवायची असेल तर ती कुठे ठेवता याकडे लक्ष द्या. पुष्कळ जण बादलीलाच भोक पाडून स्प्रिंगची झडप बसवतात. झडप जरा जरी झिरपली तरी तुम्ही स्वतःच गळती तयार केलीत. तीच झडप सायक्लोन आणि व्हॅक्युम यांच्यामधल्या नळीवर बसवा. तिथे थोडी हवा आत आली तरी सायक्लोनचा प्रवाह किंचित घटतो एवढंच, पडलेली धूळ उलटी येत नाही.

हिवाळा आणि पावसाळा

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीला आणि बादलीला हात लागला की झटका बसतो, आणि धूळ आतल्या भिंतीला चिकटून बसते. नळीच्या आतून उघडी तांब्याची तार ओवून, बादलीवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळून, दोन्ही पत्र्याच्या सायक्लोनला आणि तिथून अर्थिंगला जोडल्यावर झटके जवळपास थांबले. अर्थिंगची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वायर चुकीच्या जागी लागली तर पत्र्याचं सगळं अंग करंट देईल.

पावसाळ्यात ओलसर लाकडाचा भुगा शंकूला लापशीसारखा लागतो. आठवड्यातून एकदा शंकू काढून कोरड्या फडक्याने पुसतो, दुसरं काही लागत नाही.

आणि एक गोष्ट बारा महिने पाळा. लोखंड घासलेल्या ग्राइंडरच्या ठिणग्या या बादलीत कधीही ओढू नका. ठिणगी भुग्यात पडली की लगेच काही दिसत नाही, आणि आपण शेड बंद करून निघून जातो.

शेवटची बारीक धूळ

सगळं नीट केल्यावरही काही धूळ सायक्लोनमधून जाणारच. पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचे कण त्याच्या आवाक्यात फारसे येत नाहीत, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे कण नेमके तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला 1995 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. एमडीएफच्या भुकटीत लाकडासोबत राळही असते. म्हणून व्हॅक्युममध्ये हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारा, फिल्टर घाला. तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. आणि सायक्लोन असला तरी सँडिंग करताना एन-95 मास्क लावाच.

मी आणखी एक केलं. व्हॅक्युमच्या फुंकणाऱ्या तोंडाला नळी जोडून ती शेडच्या मागच्या भिंतीतून परसात काढली, स्वयंपाकघराच्या उलट बाजूला. सायक्लोनमुळे हेपा फिल्टर आता टिकतो. मागच्या खेपेला तीन महिन्यांनी उघडला तेव्हा घड्या मोकळ्या होत्या, कडेला थोडी धूळ, एवढंच. आईच्या डब्यांची झाकणं मी आठवड्यातून एकदा बोटाने पुसून बघतो. तिच्या नजरेतून सुटणार नाही हे माहीत असूनही बघतो.

बादली रिकामी करताना मात्र सगळी मेहनत वाया जाऊ देऊ नका. शेडमध्ये झाकण उघडून भुगा पोत्यात ओतला तर ढग उठतो आणि अडवलेली धूळ तशीच श्वासात जाते. बादली परसात न्या, मास्क लावा, मोठी प्लास्टिकची पिशवी बादलीच्या तोंडावर उलटी घालून गळ्याशी बांधा, मग बादली पालथी करा आणि धूळ बसेपर्यंत दोन मिनिटं तशीच राहू द्या. सागवानी भुगा निव्वळ असेल तर तो वेगळा ठेवा, तेल सांडल्यावर टाकायला उपयोगी पडतो. एमडीएफ आणि प्लायचा भुगा चुलीत घालू नका आणि झाडांच्या बुंध्यातही टाकू नका. मी तो पिशवीत बांधून घंटागाडीत सुक्या कचऱ्यात देतो.